अकरावे दार

रविवारी दुपारची जेवणे उरकली आणि टेबलावर ताटांच्या जागी खिडक्यांचे कोपरे आले. घरातली चार शहाणी माणसे त्यांच्याभोवती अशी बसली, जणू जन्मात कुणी खिडकी पाहिली नव्हती.

कोपरे तीन होते. एक लाकडाचा, एक अ‍ॅल्युमिनियमचा, एक पांढऱ्या प्लॅस्टिकचा. आत काय आहे ते दिसावे म्हणून प्रत्येक कोपरा मधोमध कापलेला होता. लाकडाच्या आत लाकूड होते. अ‍ॅल्युमिनियमच्या आत पोकळी होती. प्लॅस्टिकच्या आत मात्र इतक्या पोकळ्या होत्या की नमुनेवाला त्यांना चेंबर म्हणत होता. दोघा भावांतल्या धाकट्याने तो शब्द लगेच उचलला आणि पाच मिनिटांत तो स्वतःच शोधून काढल्यासारखा वापरू लागला.

आत्या आपल्या खोलीच्या आतल्या दारात खुर्ची टाकून हे सगळे पाहत होती. खोली हॉलला लागूनच असल्यामुळे दार उघडे असले की हॉल अख्खा दिसे. तिच्या मांडीवर एका गिऱ्हाइकाचा झगा होता आणि ती सुरीने त्याच्या कंबरेची शिवण उसवत होती. उसवताना डोके लागत नाही आणि कान मोकळे राहतात, म्हणून अशा बैठकांच्या दिवशी ती नेहमी उसवण्याचेच काम बाजूला काढून ठेवी. या घरातल्या बैठकांमध्ये तिने आजवर बरेच कपडे उसवले होते.

बैठक भरायला कारण घडले होते. धाकट्याची बायको, म्हणजे दातांची डॉक्टर, गेल्या आठवड्यात झोपायच्या खोलीची खिडकी लावायला गेली आणि खिडकीच तिच्या हातात आली. मग सगळीकडे ठोकून पाहिले, तर घरभर वाळवी. आत्याचा मोठा भाऊ दादा जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि दोन वर्षांत कुणी चौकटींकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. आता मात्र जो तो चौकटींचा जाणकार झाला होता.

"मी आधीच सांगतो," थोरला म्हणाला. विमा कचेरीत इतकी वर्षे घालवल्यामुळे त्याला प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करायची सवय होती. "लाकूड. दुसरा विषयच नको. बाबांनी या घराला सागवान लावलं. त्यांची आठवण आहे ती."

त्या आठवणीला आतून भोके पडली होती. सकाळी थोरल्याने नमुनेवाल्याला हॉलची चौकट मोठ्या अभिमानाने दाखवली होती, तिच्यावर बोट टेकवले होते, आणि बोट पेरापर्यंत आत गेले होते. ते त्याने तसेच बाहेर काढून खिशात घातले होते आणि बोलणे पुढे चालू ठेवले होते. आत्याला ते आठवून पुन्हा हसू आले. तिने मान खाली घालून दोरा दाताने तोडला.

"आठवणीला दर दोन वर्षांनी पॉलिश कोण करणार?" थोरली म्हणाली. ही थोरल्याची बायको, शाळेची मुख्याध्यापिका. घरातही ती प्रार्थनेनंतरच्या सूचना द्याव्यात तशी बोले. "मी नाही करणार. अ‍ॅल्युमिनियम घ्या. माझ्या बहिणीकडे आहे. सरकत्या खिडक्या, काळ्या रंगाच्या. ऑफिससारखं दिसतं."

"घर ऑफिससारखं कशाला दिसायला हवं?" धाकट्याने विचारले.

"बरं दिसायला हवं, एवढंच म्हणतेय मी."

"वहिनी, अ‍ॅल्युमिनियम उन्हात तापतं. हे बघा." धाकट्याने पांढरा कोपरा उचलला. तो गाड्यांच्या शोरूममध्ये मॅनेजर होता आणि हातात काहीही आले की त्याला ते विकावेसेच वाटे. "यूपीव्हीसी. पाच चेंबर. उष्णता नाही, आवाज नाही, वाळवी नाही. रंग नाही, पॉलिश नाही. लावा आणि विसरा."

"विसरण्यात तुझा हात कुणी धरणार नाही," थोरला म्हणाला. "बाबांचा दवाखान्याचा एक दिवस तरी तुझ्या लक्षात राहिला होता का?"

"खिडक्यांवर बोलू या का आपण?" डॉक्टर म्हणाली. तिचे म्हणणे एकच होते. दिवसभर कानात दातांचे मशीन घरघरते, घरी आल्यावर तिला शांतता हवी होती. त्या शांततेसाठी तिला दुहेरी काच हवी होती, आणि गल्लीतून आत्याकडे येणाऱ्या बायकांचे बोलणे ऐकू यायला नको होते. हे शेवटचे ती बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. बोलताना ती आत्याच्या खोलीकडे पाहत होती.

बोलणे मालावरून घसरलेले नमुनेवाल्याला खपले नाही. त्याने खिशातून लायटर काढला आणि पांढऱ्या कोपऱ्याखाली पेटवला.

"जळत नाही, साहेब. बघा."

सगळे वाकून बघू लागले. प्लॅस्टिक जळले नाही. ते काळे झाले, किंचित वाकले आणि हॉलभर असा वास सुटला की थोरलीने नाकाला पदर धरला.

"काळं झालं की हो," थोरला समाधानाने म्हणाला.

"जळत नाही म्हटलं मी," नमुनेवाला म्हणाला. "काळं होत नाही असं कुठे म्हटलं?"

टेबलाच्या टोकाला आत्याच्या वहिनी बसल्या होत्या, दादाची बायको आणि या दोन रत्नांची आई. त्या चौघांचेही ऐकून चौघांनाही मान डोलावत होत्या. आत्याने त्यांच्याकडे पाहून भुवई उंचावली. वहिनींनी ओठ मुडपले. बेचाळीस वर्षांच्या सवयीने दोघींमध्ये एवढ्यावर बरेच बोलून होई.

यानंतर तासभर जे झाले त्याला चर्चा म्हणण्याची पद्धत आहे. थोरल्याने सागवानावर भाषण केले. थोरलीने नवऱ्याला एकटे पाडायला दिराचा पक्ष घेतला आणि प्लॅस्टिकही वाईट नाही म्हणाली. बायको शत्रूला मिळालेली पाहून थोरल्याने डॉक्टरकडे मोर्चा वळवला. कधी पेशंट घरी आला तर लाकडी दाराचा भारदस्तपणा वेगळाच, असे तो म्हणाला, आणि तिलाही क्षणभर ते पटले. आपली बायको हातची जाते आहे हे धाकट्याने ओळखले. शोरूममध्ये गिऱ्हाईक उठून जायला लागले की त्याला खुर्चीच्या कव्हरांपासून सगळे फुकट देण्याची कला अवगत होती. ती त्याने इथे बाहेर काढली.

"असं करू," तो थोरल्याला म्हणाला. "समोरचं दार लाकडाचं. तुझ्या मनासारखं, नक्षीबिक्षी काय हवी ती. वहिनी, स्वयंपाकघरात तुमची सरकती अ‍ॅल्युमिनियमची. बाकी सगळं यूपीव्हीसी."

थोरल्याला दार मिळाले, थोरलीला खिडकी मिळाली, डॉक्टरला शांतता मिळाली. प्रत्येकाला आपण जिंकल्यासारखे वाटले आणि प्रत्येकाने ते दुसऱ्यापासून लपवले. माणसे इतक्या स्वस्तात मिळतात हे आत्याला पूर्वीपासून ठाऊक होते. ती आपल्याच घरात पाहायला मिळाली याचे मात्र तिला वाईट वाटत नव्हते, उलट थोडी करमणूकच होत होती.

करमणूक तिथेच संपली.

नमुनेवाला मघाशी घरभर टेप लावून आला होता. त्याने खाकरून सांगितले, "एक अडचण आहे. आमचं पॅकेज दहा ओपनिंगचं आहे. खिडक्या, दारं, आतली-बाहेरची, एखादं जुनं तसंच ठेवलं तरी ते धरून, सगळं मिळून दहा. तुमची होतात अकरा. अकरावं घेतलं की पॅकेज मोडतं. मग हे वेगवेगळं मटेरियल बसत नाही त्यात."

मग कुणी कुणाला खूण न करता चारही डोकी आत्याच्या खोलीकडे वळली. तिच्याकडे नाही. तिच्या पाठीमागे, गल्लीत उघडणाऱ्या पत्र्याच्या दाराकडे.

ते दार घरातले सगळ्यात कुरूप दार होते, यात वाद नव्हता. निळा रंग पोपडे धरून सुटलेला, खालची कड गंजलेली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आत्या माहेरी परत आली ती कायमचीच. तिने मशीन घेतले आणि शिवण सुरू केली. मुलगी परत आली याच्यापेक्षा तिची गिऱ्हाइके बैठकीच्या खोलीतून जा-ये करतात याची तिच्या वडिलांना जास्त लाज वाटत होती. ते रोज कुरकुरत. एक दिवस दादाने कुणाला न विचारता गवंडी आणला आणि गल्लीकडची भिंत फोडून घेतली. लाकूड आणायची ऐपत नव्हती, म्हणून त्याने एका कारखान्यातून पत्र्याचे दार बनवून आणले. "ही तुझी वाट," असे म्हणाला आणि कामावर गेला. त्या वाटेने आलेल्या बायकांच्या कपड्यांवर आत्याने आयुष्य काढले होते आणि कुणापुढे हात पसरला नव्हता. वाळवीने घर पोखरले, पण त्या दाराला ती तोंड लावू शकली नव्हती.

"तसं त्या दाराचं आता काय काम आहे?" थोरली म्हणाली. तिचा आवाज एकदम गोड झाला. "आत्यांनी या वयात किती दिवस मशीन चालवायचं? आम्ही आहोत ना."

"गिऱ्हाइकं हॉलमधून येतील की," धाकटा म्हणाला.

"हॉलमधून?" डॉक्टर म्हणाली.

"म्हणजे यायचीच झाली तर."

"बुजवून टाकू," थोरला म्हणाला. "वीटकाम एका दिवसाचं. खोली पण सुरक्षित होईल. आत्यासाठीच बरं ते."

तासभर ज्यांचे एका खिडकीच्या दांडीवर एकमत झाले नव्हते त्यांचे एका श्वासात एकमत झाले. आत्याच्या हातातली सुरी थांबली. तिला राग यायला हवा होता. आधी आली ती भीती. उद्या हॉलमधून गिऱ्हाईक आले की थोरली घड्याळ पाहणार, डॉक्टर खोलीत जाऊन बसणार. मग गिऱ्हाईक एकदा येईल, दोनदा येईल आणि मग येणार नाही. त्यानंतर साबणाच्या वडीसाठीसुद्धा या चौघांपैकी कुणाच्या तरी तोंडाकडे बघावे लागणार. हे सगळे तिला पाठ असल्यासारखे समोर दिसले. कुणी तिला विचारले नव्हते. दहा पावलांवर बसलेल्या माणसाबद्दल ते गावाला गेलेल्या माणसासारखे बोलत होते.

तिने वहिनींकडे पाहिले. वहिनी टेबलावरचे डाग बोटाने पुसत होत्या.

"ठरलं तर मग," धाकटा म्हणाला.

"ठरलं, पण दुहेरी काच फक्त आमच्या खोलीला की सगळीकडे?" डॉक्टरने विचारले. "कारण एकीकडेच लावली तर उपयोग नाही. आणि समोरचं दार लाकडाचं केलं तर त्याच्या फटीतून—"

"आता पुन्हा नको," थोरला म्हणाला. लाकडी दार हातातून निसटेल या धास्तीने त्याचा आवाज चढला. "एकदा झालं ना बोलून? आपल्याकडे पद्धत आहे. बाबांचा नियम. लहानापासून सुरू करायचं, प्रत्येकानं एकदाच बोलायचं, मधे कुणी तोंड घालायचं नाही. सगळ्यात मोठं माणूस शेवटी बोलेल ते पक्कं. मग त्यावर चर्चा नाही. मान्य आहे का सगळ्यांना?"

दादाचा नियम तसाच होता. मोठ्याने आधी तोंड उघडले की लहानांची तोंडे आपोआप बंद होतात, म्हणून दादाने तो केला होता. कुणी कुठल्या कॉलेजात जायचे, वरचा मजला चढवायचा की नाही, सगळे त्याच नियमाने ठरले होते. शेवटचा बोलणारा नेहमी दादाच असे. त्यामुळे तो कर्ता म्हणून शेवटी बोलतो की वयाने मोठा म्हणून, हा प्रश्न कधी कुणाला पडला नव्हता. थोरल्याला तो आजही पडला नाही.

"मान्य," धाकटा म्हणाला. डॉक्टरने नाइलाजाने मान हलवली.

"आणि नंतर कुणी मागे फिरायचं नाही. यांच्यासमोर सांगतोय." थोरल्याने नमुनेवाल्याकडे हात केला. "यांना आजच ऑर्डर द्यायची आहे."

आत्याने झगा मांडीवरून उचलून मशीनवर ठेवला आणि खुर्ची सरळ केली.

डॉक्टर बोलली: यूपीव्हीसी, दुहेरी काच सगळीकडे, गल्लीचे दार बंद. धाकटा बोलला: दहाचे पॅकेज, गल्लीचे दार बंद. थोरली बोलली: स्वयंपाकघराला अ‍ॅल्युमिनियम, आणि आत्यांच्या विश्रांतीच्या दृष्टीने गल्लीचे दार बंद. तिने 'विश्रांती' हा शब्द असा उच्चारला की आत्याला आपल्या पायापाशी पुष्पगुच्छ ठेवल्यासारखे वाटले.

"आई, तू बोल," थोरला म्हणाला. "मी शेवटी बोलतो."

वहिनींनी डोळे मिचकावले. त्यांचे डोळे अलीकडे सारखे पाणावत. रोज दिवेलागणीला त्या दोन कप चहा घेऊन आतल्या दाराने आत्याकडे येत, आणि आत्या त्यांच्या डोळ्यांत थेंब घाली. दुसऱ्या कुणी घातले की त्यांची पापणी लवे आणि थेंब गालावर जाई. आत्याला वाटले, आता तरी बोलतील. निदान एवढे तरी म्हणतील, की वन्संना विचारा.

"मुलांना वाटेल ते करा," वहिनी म्हणाल्या.

आत्याला हे सगळ्यात जास्त लागले. पोरांचे काय, ती बापाच्या वळणावर न जाता भलत्याच वळणावर गेली होती आणि त्यांच्याकडून तिने कधीच काही अपेक्षा धरली नव्हती. पण जिच्याशी बेचाळीस वर्षे एका चुलीवर भांडून झाले, जिच्यासाठी ती कुठल्याही दाराने उठून गेली असती, तिने चार शब्दांत हात झटकले.

थोरल्याने घसा साफ केला. "तर मग माझं मत. समोरचं दार सागवान, स्वयंपाकघर अ‍ॅल्युमिनियम, बाकी यूपीव्हीसी. एक ओपनिंग बुजवायचं, दहा ठेवायची. पक्कं. लिहून घ्या."

"मी राहिले," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिले. धाकटा हसला. "आत्या, तुला कशाला त्रास—"

"मधे तोंड घालायचं नाही," आत्या म्हणाली. "तुझं एकदा झालंय. थोरल्या, खरं म्हणजे तू आईच्या आधी बोलायला हवं होतंस. तुझ्या जन्माच्या वेळी ती हजर होती, एवढं तरी तुला मान्य असेल. ते असू दे. आता घरात सगळ्यात मोठं कोण?"

थोरल्याने आईकडे पाहिले.

"तिच्याहूनही मी मोठी. का, मी घरातली नाही?"

हे मनात असले तरी परक्या माणसासमोर तोंडाने म्हणण्याची सोय नव्हती. थोरल्याचा चेहरा खिशात बोट लपवताना झाला होता तसा झाला. नमुनेवाल्याने पेनाचे टोपण काढून ठेवले होते. त्याने ते हातात फिरवत म्हटले, "साहेब, नियम तर तुम्हीच सांगितलात."

"तुमचं सगळं तसंच राहू दे," आत्या म्हणाली. "समोरचं दार सागवानाचं करा. या घरात एकदा तरी सागवान येऊ दे."

"एकदा तरी म्हणजे?" थोरल्याला राहवले नाही.

"म्हणजे आजवर आलं नव्हतं. दादाला परवडत नव्हतं रे. साधं लाकूड होतं, त्यावर सागवानी पॉलिश. मी उभी होते सुताराशेजारी. ज्याच्या आठवणीनं तुझा गळा दाटतो ते डबाभर पॉलिश आहे. दादानं ते कधी लपवलंही नव्हतं. तू विचारलं नाहीस."

धाकट्याला हसू फुटले. आत्याने त्याच्याकडे पाहिले आणि ते विझले.

"तू हसू नकोस. तुझं यूपीव्हीसी लाव, पाच काय पन्नास चेंबरचं लाव. स्वयंपाकघराला अ‍ॅल्युमिनियम लावा. काळं लावा, म्हणजे शाळा सुटल्यावरही हिला ऑफिसात असल्यासारखं वाटेल. दुहेरी काच सगळीकडे लावा. या घरात ऐकू येण्याचं तसंही सगळ्यांना वावडंच आहे." तिने श्वास घेतला. "आणि ओपनिंग दहाच ठेवा. एक बुजवायचं हे सगळ्यांचं म्हणणं. माझंही तेच. हे बुजवा."

तिने सुरीची मूठ डोक्याजवळच्या चौकटीवर आपटली. ज्या दारात ती बसली होती त्या दाराच्या चौकटीवर. भुसा गळून तिच्या खांद्यावर पडला.

"हे?" थोरली म्हणाली. "अहो, हे आतलं आहे. हे बुजवलं तर तुम्ही घरात येणार कुठून?"

"नाही येणार."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला माहीत नाही. गिऱ्हाइकं म्हणतील, आता शिवताना मधूनच भांडणं ऐकू येत नाहीत."

"आत्या, रागावलीस तू," धाकटा म्हणाला.

"रागानं कशाला? पॅकेजनं म्हणतेय. मोजून घे, दहाच होतात. न्हाणीघर माझ्या बाजूला आहे, चहापुरती शेगडी आहे. पत्र्याचं दार आहे तसंच राहील, त्याला काही लावू नका. पक्कं. लिहून घ्या हो तुम्ही."

नमुनेवाल्याने थोरल्याकडे पाहिले. थोरल्याने धाकट्याकडे पाहिले. मागे फिरायचे नाही हे थोरल्यानेच मघाशी पाहुण्यासमोर ठणकावले होते. शेवटी त्याने मान हलवली. नमुनेवाला लिहू लागला.

आत्या उठली, खुर्ची आत ओढली आणि दार लोटून घेतले. ते दार पावसाळ्यात फुगून पुन्हा वाळल्यापासून नीट बसत नसे. ते आपले आपण हातभर उघडले. तिने त्याला स्टूल लावले.

मग ती मशीनपुढे बसली आणि तिला फार वाईट वाटले. जिंकल्याचा आनंद असतो म्हणतात, तो कुठे दिसेना. दादाच्या शेवटच्या दुखण्यात ती याच दाराने पंचवीस वेळा आत-बाहेर करी. वहिनींचे दोन कप याच दाराने येत. आपल्या तोंडाने ही वाट बुजवून घेतली, तीही या असल्या पोरांना धडा शिकवायला, जी धडा शिकणाऱ्यांतली नव्हतीच. तिने झगा पुढे ओढला आणि जी शिवण उसवायची नव्हती तीच उसवायला घेतली.

दारापलीकडून बोलणे ऐकू येत होते. तिला वाटले, निदान थोडे ओशाळले असतील.

"भिंत झाली की तिथे टीव्ही बसेल," डॉक्टर म्हणत होती.

"टीव्ही नाही, पुस्तकांचं कपाट," थोरली म्हणाली.

"कपाट कशाचं? लाकडाचं की—"

आत्याने मशीन सुरू केले. कापड नव्हते सुईखाली, तरी तिने ते चालवले.

उन्हे उतरली. नमुनेवाला आपले तीन कोपरे पिशवीत भरून गेला. दिवे लागायची वेळ झाली तशी तिची नजर सवयीने आतल्या दाराकडे गेली. स्टूल जागेवर होते. पलीकडे पावले वाजली नाहीत, कप वाजले नाहीत. बरोबरच आहे, तिने स्वतःला बजावले. मुलांना वाटेल ते.

तेवढ्यात पत्र्याचे दार वाजले.

या वेळी गिऱ्हाईक येत नसे. आत्या उठून गेली आणि कडी काढली. गल्लीत वहिनी उभ्या होत्या. पायांत बाहेरच्या चपला, कपाळावर घाम, एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात थेंबांची बाटली. समोरच्या दाराने निघून, फाटकातून बाहेर पडून, अख्ख्या घराला वळसा घालून त्या आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या एरवी फाटकापर्यंतही जात नसत.

वहिनींचा श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"आतल्या दारानं यायचं की," आत्या म्हणाली. "अजून बुजवलं नाही ते."

"बंद होणार ना, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "आतापासून सवय करून घेते."

आत्याला बोलायचे खूप होते. मघाशी तोंडाला काय झाले होते, हे तर विचारायचेच होते. तिने ते उद्यावर टाकले.

"चपला बाहेर काढा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांनासुद्धा इथे तोच नियम आहे."

वहिनींनी चपला काढल्या आणि उंबऱ्यावरून आत आल्या. आत्याने खुर्चीवरचा झगा उचलून त्यांना जागा करून दिली. वहिनींनी मान मागे टाकली. आत्याने बाटली हातात घेतली, बोटाने त्यांची पापणी वर केली आणि एक थेंब सोडला. वहिनींची पापणी लवली नाही.

पलीकडून थोरल्याची हाक आली, "आई?" मग जरा वेळाने पुन्हा, वरच्या आवाजात, "आई, कुठे गेलीस?"

"दुसरा डोळा," आत्या म्हणाली, आणि वहिनींनी ओ न देता मान वळवली.